खिडकीवर एकटीनं जायचं नाही

मला ज्या बाईनं मदत केली तिचं आधी सांगते, काय झालं ते मागाहून. तिला सगळे काकी म्हणायचे. अलिबागच्या आमच्या कॉलेजात ती लायब्ररीत शिपाई होती आणि माझी-तिची ओळख झाली तोवर रिटायरही झाली होती. कुठलाही कागद हातात घेण्याआधी ती दोन्ही तळवे पदराला पुसायची. एकदा नाही, दोनदा. मग कागद चिमटीत धरून उजेडाकडं करायची आणि म्हणायची, "हां. आता सांग, कुठल्या खिडकीचा हाय?"

काकीच्या लेखी जगात ऑफिसं नव्हती, साहेब नव्हते, नुसत्या खिडक्या होत्या. प्रवेशाची खिडकी, परीक्षेची खिडकी, एसटीच्या पासाची, तहसीलदाराच्या दाखल्याची. प्रत्येक खिडकीचा स्वभाव तिला पाठ. "परीक्षेची खिडकी सकाळी बरी असते. जेवल्यावर तिला झोप येते." "दाखल्याच्या खिडकीला सोमवारी तोंड दाखवायचं न्हाय, त्या दिवशी ती घरनं भांडून येते."

आणि एक नियम. तो तिनं इतक्या वेळा सांगितला की आम्ही तिच्या आधी पुरा करायचो. "खिडकीवर येकटीनं जायाचं न्हाय."

दोघांनी जायचं. जिचं काम तिनं पुढं उभं राहून बोलायचं. दुसरीनं एक पाऊल मागं राहायचं, तोंड उघडायचं नाही, फक्त पुढचीच्या पाठीवर हात ठेवायचा. मी एकदा विचारलं, मागचीनं बोललं तर काय बिघडलं, तिला जास्त कळतं. काकी म्हणाली, "मागची बोलली की पुढची मुकी राहते. जल्मभर."

तुम्ही म्हणाल, खिडकीला काय भ्यायचं, आत माणूसच बसलेला असतो. ज्यांच्या घरात आजोबा कॉलेजला गेले, बाप गेला, त्यांना खरंच माणूस दिसतो. मला नाही दिसायचा. मला जाळी दिसायची, जाळीच्या खालची फट दिसायची आणि त्या फटीतून परत येणारा माझाच कागद दिसायचा.

मी परभणीकडची. शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे, चुलत्यानं माझं लग्न त्याच्या मेव्हण्याशी ठरवलं आणि माझ्या बापानं, ज्यानं भावापुढं कधी मान वर केली नव्हती, एका पहाटे मला आणि आईला घेऊन गाव सोडलं. ओळखीच्या एका माणसाच्या शब्दावर आम्ही काशीदला पोचलो. बाप एका बंगल्याचा वॉचमन झाला. आई आणि मी शेजारच्या पर्यटकांच्या खोल्या झाडायला, चादरी बदलायला लागलो. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. पहिलं वर्षभर त्याच्याकडं पाठ करूनच चादरी वाळत घातल्या. एवढं पाणी उघड्यावर ठेवलंय आणि कुणाला त्याची काळजी नाही, हेच मला पटत नव्हतं.

दहावी आणि बारावी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. खोल्या झाडता झाडता. गावच्या शाळेचा मूळ दाखला माझ्याकडं नव्हता, तो आणायला गावात जावं लागलं असतं, म्हणून त्या वेळी प्रतिज्ञापत्रावर भागवलं. बारावी झाले आणि बाप म्हणाला, "कॉलेजाचं बघ." म्हणाला खरं, पण कॉलेजाचं बघायचं म्हणजे काय बघायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच.

प्रवेशाच्या दिवशी मी रांगेत उभी राहिले. नंबर आला की मागच्याला म्हणायचे, "तुम्ही जावा पुढं." असं तीनदा झालं. चौथ्या वेळी बाजूच्या बाकावरनं आवाज आला.

"काय गो, तू लोकांना वाट द्यायला आलीस काय? पुन्य मिळवतेस?"

बाकावर काकी बसली होती. हिरवं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर फाइल. तिच्याजवळ एक मुलगी, चेहऱ्यानंच चेष्टेखोर. ती वनिता. रेवसकडची, बाप ट्रेलर चालवणारा, घरात कॉलेजात आलेली पहिली तीच. तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती.

"मला उद्या यायचंय," मी म्हणाले.

"का? उद्या खिडकी गोरी होनार हाय?" काकीनं तळवे पदराला पुसले, दोनदा, आणि हात पुढं केला. "आन कागद."

कागद बघून तिनं वनिताला मान हलवली. वनिता माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि पाठीवर हात ठेवला. कानात म्हणाली, "बोल आता. नाही बोललीस तर मी चिमटा काढते." मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. पाठीवरचा हात तेवढा आठवतो.

बाहेर आल्यावर मी काकीच्या पाया पडायला वाकले आणि "तुमचे उपकार" असं काहीतरी म्हणायला लागले. तिनं पाय मागं घेतले. "काकीला तुमी म्हनतात व्हय? मी काय तहसीलदार हाय? तू म्हन. नि रविवारी घरी ये."

रविवारी काकीच्या घरी जायचं म्हणजे पडवीत जायचं. अलिबागेत समुद्राकडं उतरणाऱ्या गल्लीत तिचं कौलारू घर. पडवीत चटया, एक पंखा आणि कोपऱ्यात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. आम्ही दहा-बाराजण असायचो. कुणी भातशेतीवाल्यांच्या घरातली, कुणी मिठागरवाल्यांच्या. एक गोष्ट सगळ्यांची सारखी. घरी जाऊन "आज असाइनमेंट दिली" म्हटलं की आई विचारणार, "म्हंजे काय झालं, चांगलं की वाईट?"

त्या डब्यात प्रत्येकाचे मूळ कागद असायचे, आपापल्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर नाव. इकडं पावसाळ्यात कागदाला कागद चिकटतो, शाई पसरते, म्हणून डब्याच्या तळाला काकी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची. दर पंधरवड्याला तांदूळ बदलायची. आधीचे कोंबड्यांना. वनिता म्हणायची, "काकीच्या कोंबड्या आमच्यापेक्षा जास्त शिकलेल्या आहेत, सगळ्यांच्या मार्कशीटचा वास खाल्लाय त्यांनी."

काकी स्वतः शिकवायची नाही. शिकवण्याएवढं तिला येत नव्हतं, आणि ती तसं स्पष्ट सांगायची. ती जोड्या लावायची. पहिल्या वर्षाची एक, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची एक. माझी जोडी वनिताशी. वनितानं मला शिकवलं की तास संपला की उठून जायचं असतं, कुणी "जा" म्हणायची वाट बघायची नसते. लायब्ररीचं कार्ड हरवलं तर पोलिसांत जायचं नसतं. सरांना शंका विचारली तर ते चिडत नाहीत, आणि चिडले तरी पुढच्या तासाला विसरलेले असतात. हे सगळं तुम्हाला हसण्यासारखं वाटेल. मी यातल्या एकेका गोष्टीवर रात्र-रात्र घाबरून काढली आहे.

आणि "उद्या या" चं उत्तर काकीनं शिकवलं. खिडकीतून "उद्या या" आलं की हलायचं नाही. विचारायचं, उद्या किती वाजता, कोणाला भेटू, आणि येताना काय आणू. तीन प्रश्न. "हे न इचारता माघारी फिरलीस तर तो उद्या कधीच येनार न्हाय."

एकदा ती मला किनाऱ्यावर घेऊन गेली. मी पाण्यापासून लांब उभी. ती म्हणाली, "बघ गो, केवढा आवाज करतो. पायापातूर येतो नि मागं जातो. कारकुनाचं तसंच." मी हसले, पण पुढं गेले नाही. तिनं ओढलंही नाही.

आता काय झालं ते.

पहिल्या वर्षाची परीक्षा जवळ आली होती. कॉलेजच्या फळ्यावर एक यादी लागली. गर्दीतून मी माझं नाव वाचलं आणि नावांच्या खाली दोन शब्द वाचले. प्रवेश रद्द. बाकी काही वाचलं नाही. गर्दीतून बाहेर आले, गेटमधून बाहेर आले, स्टँडवर गेले आणि काशीदच्या गाडीत बसले.

कुणाला काही विचारायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. आमच्यात असंच असतं. गावात कुणी "नको येऊस" म्हटलं तर का म्हणून विचारायची पद्धत नव्हती. मला वाटलं, त्यांना कळलं. मी नववीतनं पळून आलेली आहे, खोल्या झाडणारी आहे, हे कुणीतरी त्यांना सांगितलं. इतके दिवस चुकून आत बसू दिलं होतं, आता चूक लक्षात आली. खरं सांगते, दुःखापेक्षा मला सुटल्यासारखं वाटलं. ज्याला भीत होते ते एकदाचं झालं.

घरी म्हणाले, सुट्टी आहे. दुसऱ्या दिवशीपासून झाडू हातात घेतला. बापानं काही विचारलं नाही. त्याला विचारायची भीती, मला सांगायची.

आठव्या दिवशी मी व्हरांडा पुसत होते. पायऱ्यांवर काकी. दुपारचं ऊन, चपलांत वाळू, काखेत तीच फाइल. खोल्यांच्या मालकीणबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "काय मावशी, रूम बघायला आलात? सी-व्ह्यू हवाय का?"

"जल्मापासनं सी-व्ह्यूच हाय," काकी म्हणाली. "पोरगी बघायला आलेय."

मालकीणबाईंना वाटलं, स्थळ घेऊन आल्या. त्या मोठ्या उत्साहानं पाणी आणायला गेल्या. काकी पायरीवर बसली, माझ्याकडं बघितलं नाही, समुद्राकडं बघत म्हणाली, "रविवारी वनिता वाट बघत बसली. काय झालं?"

मी सांगितलं. माझं नाव फळ्यावर लागलं. काढलं मला.

 काकीनं फाइलमधून त्या यादीची नक्कल काढली. वनितानं उतरवून आणली होती. "वाच. सगळं वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. वरील विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्याचा मूळ दाखला दिलेल्या मुदतीत कार्यालयात जमा करावा, अन्यथा प्रवेश रद्द समजण्यात येईल. मुदतीला नऊ दिवस उरले होते.

"बाय, एक ध्यानात ठेव," काकी म्हणाली. "ज्याला हाकलायचं असतं त्याचं नाव कोन लिहीत न्हाय. नाव लिवलंय म्हंजे बोलावलंय."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी फडकं पुन्हा हातात घेतलं. मूळ दाखला म्हणजे गावची शाळा. शाळेच्या समोर चुलत्याचं घर. गाव सोडताना त्यानं निरोप धाडला होता, पोरगी पुन्हा शिवेत दिसली तर माघारी जाणार नाही. मी म्हणाले, "काकी, मला कॉलेज नको. मी तिथं जाणार नाही."

"येकटीनं जाऊच नको. कोन म्हनतंय?" तिनं तळवे पदराला पुसले. "मी येते."

मालकीणबाई पाणी आणि लाडू घेऊन आल्या. काकीनं लाडू खाल्ला आणि म्हणाली, "आवडली पोरगी. चार दिवस घेऊन जाते." त्या बघतच राहिल्या.

पनवेलहून गाडी धरली. काकीनं खिडकीची सीट घेतली आणि गज दोन्ही हातांनी धरला. प्रत्येक स्टेशनाला विचारायची, "आपलं गेलं काय गो?" मी म्हणायचे, नाही, अजून पुष्कळ लांब आहे. पुण्याच्या पुढं तिनं गज सोडला आणि माझा हात धरला. तिचा तळवा ओलाचिंब होता. तिनं तो पदराला पुसला, पुन्हा धरला, पुन्हा ओला.

तेव्हा मला कळलं. इतके दिवस मला वाटायचं, कागद मळू नये म्हणून ती हात पुसते.

"काकी, तू घाबरलीस?"

"मी पनवेलच्या पुढं कधी गेलेय?" ती म्हणाली. मग स्वतःहूनच बोलली. "माझा पोरगा बारावी झाला त्या साली आपल्याच कॉलेजात फॉर्म घेऊन गेलता. खिडकीतनं बोलले, उद्या ये. त्याला काय ठाऊक, मुदत त्याच दिवशी सरत होती. दुसऱ्या दिवशी गेला तर खिडकी बंद. मग तो गेलाच न्हाय कुठं. बोटीवर गेला. अजून बोटीवरच हाय, वर्साला येकदा येतो." ती गजाबाहेर बघत होती. "मी आतच होते गो. दोन खोल्या सोडून. पुस्तकं पुसत होते. कारकुनाला ओळखत होते, त्याला पानी नेऊन देत होते. पोराबरोबर खिडकीवर उभं ऱ्हायाचं भ्या वाटलं. म्हनलं, शिपायाचा पोर म्हनून बोलतील."

  तिचा हात सोडला नाही मी.

परभणीहून एसटीनं गावच्या स्टँडवर उतरलो तशी मी काकीच्या मागं झाले. सकाळचे दहा वाजले होते, शाळा भरलेली. काकीनं चष्मा पुसला, फाइल काखेतून काढून छातीशी धरली आणि म्हणाली, "तू पुढं. मी येक पाऊल मागं."

हेडमास्तर नवे होते. मी नाव सांगितलं, साल सांगितलं, दाखला हवा म्हणाले.  त्यांनी माझ्या मागं बघितलं. "आपण?"

"हिच्या कॉलेजातनं आलेय," काकी म्हणाली. "अलिबाग. मुंबईच्या पल्याड, दर्याकाठी."

हेडमास्तर उठून उभे राहिले. "मॅडम, बसा ना. एवढ्या लांबून विद्यार्थिनीसाठी स्वतः आलात." खुर्ची पुढं झाली, चहा सांगितला गेला. काकी खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. जाड भिंगं, मोठी फाइल, आणि बोली अशी की इथल्या कुणाला कळायला मेहनत पडावी. त्यांनी तिला प्राध्यापक ठरवूनच टाकलं. ती हो म्हणाली नाही आणि नाही पण म्हणाली नाही.

शिपाई रजिस्टर शोधायला गेला. तेवढ्यात दारात चुलता. गावात बातमीला पाय असतात.

"काय गं, आलीस व्हय," तो म्हणाला. "कुणाला इचारून आलीस? बाप कुठंय तुझा? आज घरी चल, मग बघू तुझं कॉलेज." आणि त्यानं माझं मनगट धरायला हात पुढं केला.

मी मागं सरकले, आणि पाठीला हात लागला. ओला हात. ब्लाउजमधून तो ओलावा मला कळला. पाठ टेकायला भिंत मिळावी तसं झालं. मी म्हणाले, "मी विचारून आले नाही. मी दाखला न्यायला आले. माझी सही लागते, म्हणून मीच आले. घरी येणार नाही."

एवढंच बोलले. चुलता काकीकडं वळला. "ह्या कोण?"

"आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनीच्या कॉलेजच्या मॅडम आहेत," हेडमास्तर म्हणाले. "तुम्ही बाहेर थांबा. माझ्या ऑफिसात हे चालणार नाही."

तो बाहेर थांबला. खूप वेळ थांबला, फाटकाला टेकून, तंबाखू मळत. आम्हाला दाखला मिळाला तेव्हाही तो तिथंच होता. हेडमास्तरांनी शाळेच्या शिपायाला स्टँडपर्यंत सोबत दिली. गाडी हलेपर्यंत मी खाली वाकून बसले होते. गाडी हलली तशी काकीनं गाठोडं सोडलं, स्टँडवर घेतलेली ज्वारीची भाकर काढली आणि एक घास घेतला. पुष्कळ वेळ चावत राहिली.

"ही भाकरी खायाची का हिच्याशी भांडायचं गो?"

मी हसायला लागले आणि हसता हसता रडले. ती म्हणाली, "आता रड. खिडकी झाली."

मग मी विचारलं, "काकी, तू खोटं बोललीस. तू कुठं मॅडम आहेस?"

"कुठं खोटं बोलले? कॉलेजातनंच आले ना? मॅडम तो बोलला." मग गाठोडं बांधत, "खुर्ची मात्र बरी होती."

दाखला मुदतीच्या दोन दिवस आधी जमा झाला. खिडकीवर मी पुढं, वनिता मागं. कारकून म्हणाला, "ठेवा, पोच उद्या मिळेल." मी विचारलं, किती वाजता, कोणाला भेटू, येताना काय आणू. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पोच तेव्हाच दिली. जाळीमागं माणूस होता. डोक्याला टक्कल, शर्टाच्या खिशात दोन पेनं.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं.

मी तिसऱ्या वर्षाला गेले. वनिता पास होऊन पनवेलला नोकरीला लागली. माझ्या जोडीला पहिल्या वर्षाची एक मुलगी आली, मिठागरवाल्यांची, माझ्यापेक्षाही भित्री. काकी पायऱ्या चढताना थांबायला लागली. विचारलं की म्हणायची, "काय न्हाय, गॅस झालाय."

आमचे शेवटचे पेपर चालू होते. त्या आठवड्यात पडवी बंद असायची, काकीचाच नियम. परीक्षेत कुणी तिच्याकडं यायचं नाही, अभ्यास करायचा. गुरुवारचा पेपर देऊन मी बाहेर आले, तर तिची शेजारीण गेटवर उभी होती. काकी पहाटेच गेली होती. पेपर होईपर्यंत कुणाला कळवू नका, असं शेजाऱ्यांनी आपापसात ठरवलं होतं. तिला तेच आवडलं असतं म्हणाले.

बाकीचं मला त्या शेजारणीनं सांगितलं. मंगळवारी काकीच्या छातीत दुखलं. ती दवाखान्यात गेली. मोठ्या दवाखान्यात, जिथं आधी खिडकीवर केसपेपर काढावा लागतो. शेजारीण आपल्या कामाला तिथंच आली होती, रांगेत चार माणसं मागं. दार उघडंच होतं, तिनं सगळं ऐकलं. आत डॉक्टरनी तपासलं, म्हणाले भरती व्हावं लागेल, आणि विचारलं, "सोबत कोण आहे?"

काकी म्हणाली, "कोनी न्हाय."

"कुणाला तरी बोलावून घ्या."

"पोरांचे पेपर चाललेत. शुक्रवारी येते कोनाला तरी घेऊन."

डॉक्टरनी समजावलं, पुन्हा समजावलं. ती ऐकेना. शेजारीण म्हणाली, मी थांबते, तर तिलाही नको म्हणाली. मग त्यांनी गोळ्या दिल्या आणि केसपेपरवर लिहून दिलं, उद्याच नातेवाईकासह येणे.

ती एकटी गेली. खिडकीवर एकटी उभी राहिली. अख्ख्या अलिबागेत तिच्या हाताखालून गेलेली पोरं पसरलेली, कोर्टात, बँकेत, बंदरावर, रो-रो बोटीच्या तिकीटघरात. मी तर त्या दिवशी दुपारी मोकळीच होते, पुस्तक उघडं टाकून चादरींच्या घड्या करत बसले होते. आणि सोबत कोण आहे विचारल्यावर ती म्हणाली, कोणी नाही.

तो केसपेपर पत्र्याच्या डब्यात सापडला. सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पिशवीत, जसे आमचे ठेवायची तसा. तळाचे तांदूळ ताजे होते. त्या कागदावर मी तिचं नाव पहिल्यांदा वाचलं. तीन वर्षं मी तिच्या पडवीत जेवले आणि मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. ती मात्र माझं नाव घेऊन आठव्या दिवशी काशीदपर्यंत मला शोधत आली होती.

तिचा मुलगा बोटीवरून आला तेव्हा सगळे विधी होऊन गेले होते. डब्याला हात न लावता म्हणाला, "तुमीच ठेवा हे." पडवी त्यानं रविवारपुरती आम्हाला उघडी ठेवलीय. तांदूळ मी बदलते. कोंबड्या शेजारणीकडं गेल्या.

माझा निकाल अजून लागायचा आहे. फळ्याजवळ गेले की प्रत्येक यादी शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचते. पहिल्या वर्षाची ती मुलगी खिडकीवर बोलते तेव्हा मी मागं उभी असते, आणि तिच्या पाठीवर हात ठेवण्याआधी ओढणीला पुसते. दोनदा. पुसलं तरी तो ओला होतो.

गेल्या महिन्यापासून पडवीतली आम्ही आळीपाळीनं मंगळवारी सकाळी त्या दवाखान्याच्या खिडकीजवळ बसतो. रांगेत कुणी म्हातारी एकटी दिसली की जवळ जाऊन विचारायचं, "सोबत कोण आहे?" पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हा ती बाई दचकली. माझाच आवाज इतका घाबरलेला होता. मग ती म्हणाली, "कोनी न्हाय गो."

मी म्हणाले, "आहे."

काकी, तुझी फेड यानं होत नाही, मला कळतं. एका मंगळवारी मी तिथं नव्हते, तो कितीही मंगळवार बसून परत येणार नाही. पण मी फेडणार आहे. मी अजून घाबरते, निकालाला घाबरते, स्वप्नात येणाऱ्या चुलत्याला घाबरते, समुद्राला तर घाबरतेच. घाबरतच फेडीन. तुझं नाव लिहिलेली पिशवी मी डब्यात सगळ्यात वर ठेवली आहे. नाव लिहिलंय म्हणजे बोलावलंय, हे तूच सांगितलंस. तुझी खिडकी माझ्याकडं राहिली आहे.